काजू खरेदी केंद्रासाठी अ‍ॅप: टूल ठरवण्याआधी मराठी पावती छापून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत काजू बिया विकत घेणाऱ्या एका संस्थेचं काम तुम्हाला मिळालंय. डझनभर खरेदी केंद्रं, प्रत्येक ठिकाणी एक वजनकाटा, एक माणूस आणि कार्बन लावून लिहायचं पावतीपुस्तक. आता त्यांना हातात धरायचं यंत्र हवंय. शेतकऱ्याचं कार्ड स्कॅन करायचं, काट्यावरचं वजन घ्यायचं, मराठीत पावती छापून द्यायची आणि संध्याकाळपर्यंत हिशेब वाळपईच्या कचेरीत पोचवायचा. तुम्ही दोघंच आहात, दोघांनाही जावास्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट येतं, आणि बिया यायला लागायच्या आत सगळं उभं राहायला हवं. विचारलंय ते असं: अ‍ॅप कशात लिहायचं? फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (एकच कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर), कोटलिन (खास अँड्रॉइडची भाषा) की सरळ ब्राउझरमध्ये चालणारं वेब अ‍ॅप?

माझं उत्तर कोटलिन. स्क्रीनसाठी जेटपॅक कंपोझ, साठवणुकीला यंत्रातच राहणारा एसक्यूलाइट डेटाबेस आणि तो हाताळायला रूम ही लायब्ररी, पाठवापाठवीला वर्कमॅनेजर. कचेरीतल्या हिशेबनिसासाठी साधं वेब पान. शेतकऱ्यांसाठी वेगळं अ‍ॅप मागितलं असेल तर ते करूच नका, त्याबद्दल पुढे बोलतो. हे उत्तर तुमच्या कामापुरतं आहे. उद्या कळंगुटला दुचाक्या भाड्याने देणाऱ्या कुणी हेच विचारलं तर मी त्याला फ्लटर सांगेन, कारण त्याचं गिऱ्हाईक आयफोन घेऊन येतं आणि त्याला प्रिंटरशी काही देणंघेणं नसतं.

या चार टूलांवरून इंटरनेटवर जी भांडणं चालतात ती जवळजवळ सगळी स्क्रीनवरून असतात: कुठलं दिसायला सुंदर, कुठलं सरकायला सुळसुळीत, कशात लवकर होतं. तुमच्या अ‍ॅपला स्क्रीन लागणार चार, फार तर पाच. त्या कशातही होतील. तुमची डोकेदुखी स्क्रीनच्या बाहेर आहे. प्रिंटर, काटा, स्कॅनर, नसलेलं नेटवर्क आणि आठ महिने कपाटात पडून राहणारं यंत्र. तेव्हा टूलची परीक्षा तिथे घ्या.

पावतीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. यंत्रात बसवलेला किंवा कमरेला लावायचा थर्मल प्रिंटर बहुतेक वेळा ५८ मिमी कागदाचा असतो. त्यात छापता येणारी रुंदी ४८ मिमी, मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे एका आडव्या रेषेत ३८४ ठिपके. इंग्रजी मजकूर पाठवला की प्रिंटर स्वतःजवळच्या अक्षरांनी ३२ अक्षरांची ओळ मुकाट्याने छापतो. देवनागरी पाठवलीत की प्रश्नचिन्हं किंवा चिनी अक्षरं बाहेर पडतात. काही विक्रेते खोक्यावर 'हिंदी चालतं' असं लिहितात. त्यांच्याकडून नमुना मागवा आणि 'शेतकऱ्याचे नाव', 'क्विंटल', 'श्रीमती', 'सत्तरी' एवढे चार शब्द छापायला लावा. जोडाक्षरं सुटी पडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, आणि 'ऱ्या' तर हमखास मोडतो.

म्हणून मजकूर प्रिंटरला अक्षरं म्हणून पाठवायचाच नाही. ३८४ ठिपके रुंद बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं कोरं चित्र, तयार करा, त्यावर अँड्रॉइडच्या स्टॅटिक लेआउटने (मजकूर ओळींत मांडणारी सोय) पावती रेखाटा, तिचं निव्वळ काळं-पांढरं करा आणि चित्र म्हणून छापा. जोडाक्षरांची जुळणी मग अँड्रॉइड करतं, आणि ते काम त्याला चांगलं येतं. फाँट मात्र यंत्रातल्या फाँटवर सोडू नका. नोटो सॅन्स देवनागरी फुकट आहे, तो अ‍ॅपबरोबरच द्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं यंत्र आलं तरी पावती तीच दिसेल. साध्या जाडीपेक्षा एक पायरी जाड फाँट घ्या, बारीक रेषा थर्मल कागदावर तुटतात. अक्षरांच्या कडा मऊ करायची सोय बंद ठेवा, नाहीतर काळं-पांढरं करताना कडा कुरतडल्यासारख्या येतात. आणि इंग्रजीच्या २४ ठिपक्यांच्या उंचीत देवनागरी कोंबू नका. वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं बसवायचं तर तिशीच्या पुढे जावंच लागतं. दुपारच्या उन्हात चष्मा न आणलेल्या माणसाला रक्कम वाचता आली पाहिजे.

आता एक साधा हिशेब बघा. ३८४ ठिपके म्हणजे ४८ बाइट. १५ सेंटिमीटर लांब पावती म्हणजे १२०० रेषा, एकूण ५७,६०० बाइट. छोट्या प्रिंटरची मेमरी एवढी नसते. सगळं चित्र एकदम ढकललंत तर निम्म्यावर तुटतं, किंवा खालचा अर्धा भाग कचरा म्हणून छापला जातो. शंभरेक रेषांच्या पट्ट्या करा, एक पट्टी गेली की किंचित थांबा, मग पुढची. थांबायचं किती हे माहितीपत्रकात सापडत नाही, तो प्रिंटर हातात घेऊनच ठरवावं लागतं. बॅटरी उतरत आली की हा वेळ वाढतो, तेव्हा चाचणी दहा टक्के चार्जवरसुद्धा करा.

हे सगळं फ्लटरमध्ये होत नाही का? होतं. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येही होतं. पण प्रिंटरवाल्या कंपनीकडून तुम्हाला जे हाती येतं ते जावात लिहिलेलं लायब्ररीचं पुडकं आणि एक नमुना प्रोजेक्ट असतो, तोही अँड्रॉइड स्टुडिओचा. फ्लटर घ्या नाहीतर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, त्या पुडक्यापर्यंत पोचायला मधला पूल कोटलिनमध्ये तुम्हालाच बांधावा लागतो. काट्यासाठी दुसरा पूल, स्कॅनरसाठी तिसरा. म्हणजे कोटलिन शिकण्यातून सुटका नाहीच, वर आणखी एक मजला सांभाळायचा. 'यासाठी प्लगिन आहे की' असं कुणी सांगेल. त्या प्लगिनच्या पानावर जाऊन शेवटचा बदल कधी झाला ते बघा, आणि न सुटलेल्या तक्रारींत 'अँड्रॉइड १२' शोधा. २०२१ साली अँड्रॉइड १२ ने ब्लूटूथसाठी वेगळी परवानगी मागायला सुरुवात केली. एकेका माणसाने फावल्या वेळात सांभाळलेली कितीतरी प्रिंटर-प्लगिनं तेव्हा आडवी झाली आणि त्यांतली बरीच पुन्हा उठलीच नाहीत.

तुम्हाला रिअ‍ॅक्ट येतं हे वाया जाणार नाही. कंपोझची विचार करायची पद्धत तीच आहे: स्थिती बदलली की स्क्रीन पुन्हा आखली जाते. रिअ‍ॅक्टमधून आलेल्या माणसाला कंपोझ परकं वाटत नाही, परकं वाटतं ते ग्रेडल, म्हणजे कोडातून अ‍ॅप बांधून देणारं साधन. त्याच्याशी पहिले काही दिवस झटापट होईल, ती धरूनच चाला. एवढं सांगूनही रिअ‍ॅक्ट नेटिव्हच घ्यायचं ठरलं, तर एक्स्पो गोवर (रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा कोड झटपट चालवून दाखवणारं तयार अ‍ॅप) आधी नमुना दाखवून संस्थेला खूश करू नका. कंपनीची लायब्ररी त्यात घालताच येत नाही. स्वतःचा डेव्हलपमेंट बिल्ड, म्हणजे चाचणीचं वेगळं अ‍ॅप, करावा लागतो आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

वेब अ‍ॅप का नको, त्याची दोन कारणं पुरेशी आहेत. ब्राउझरमधलं वेब ब्लूटूथ फक्त कमी ऊर्जेच्या नव्या प्रकारच्या ब्लूटूथशी बोलतं. स्वस्त प्रिंटर बहुतेक जुन्या सीरियल प्रकारचे, त्यांच्याशी त्याचं जमत नाही. दुसरं, ब्राउझरने जपून ठेवलेला डेटा जागा कमी पडली की ब्राउझर स्वतःच उडवू शकतो. ते टाळायची विनंती करता येते, पण हमी मिळत नाही. शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब विनंतीवर ठेवू नये.

काट्याचं त्यामानाने सोपं आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागे आरएस-२३२ चं, म्हणजे जुन्या सीरियल पद्धतीचं, पोर्ट असतं आणि त्यातून वजनाची ओळ एकसारखी वाहत असते, वेग बहुधा ९६०० बॉड. यूएसबीची केबल लावून ती अँड्रॉइडमध्ये वाचता येते, त्यासाठी चांगली मोफत जावा लायब्ररी आहे. काळजी एवढीच घ्यायची की गोणी ठेवल्या ठेवल्या आलेला आकडा धरायचा नाही. काही काटे ओळीतच सांगतात की वजन स्थिर आहे की हलतंय. नसेल सांगत तर लागोपाठचे काही आकडे सारखे आले की मगच घ्या. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांत, दोन्ही पूर्णांकात ठेवा, दशांश चिन्हाला डेटाबेसात थारा देऊ नका. गोणीचं वजन वजा करायचं असेल तर ते पावतीवर वेगळ्या ओळीत दिसू दे. काट्यावर दिसतो तोच आकडा पावतीवर यायला हवा, अ‍ॅपने तो कमीजास्त करायचा नाही. वजन-माप खात्याची मोहर काट्यावर असते, तुमच्या अ‍ॅपवर नसते.

केबल तुटणार, ती केबल नेहमी तुटते. म्हणून आकडा हाताने टाकायची सोय ठेवा, पण अशा नोंदीवर खूण राहू दे आणि कचेरीतल्या यादीत ती वेगळ्या रंगात दिसू दे.

स्कॅनरबद्दल एकच गोष्ट सांगतो. झेब्राच्या यंत्रांत डेटावेज नावाची सोय आधीच असते, इतर कंपन्यांचीही अशीच काहीतरी असते. मुळात ती कार्डावरचा कोड 'टाइप' करते, जणू कीबोर्डवरून आला. दाखवायला झकास, पण वापरताना कर्सर रकमेच्या चौकटीत असला की शेतकऱ्याचा क्रमांक रकमेत जाऊन बसतो. ही पद्धत बंद करा आणि कोड इंटेंटने (अँड्रॉइडमधला अंतर्गत निरोप) अ‍ॅपकडे येऊ द्या. फक्त एका सेटिंगचा प्रश्न आहे.

आता डेटा. इथे माझी मतं जरा कडक आहेत.

सत्तरीत म्हादईच्या जंगलाच्या कडेच्या गावांत डोंगराआड गेलात की नेटवर्क गेलं, आणि मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की वीजही गेली. तेव्हा अ‍ॅप ऑफलाइन 'सुद्धा' चालावं असं म्हणू नका. अ‍ॅप ऑफलाइनच चालतं आणि जमेल तेव्हा पाठवतं, असंच धरून बांधा. प्रत्येक नोंदीला यंत्रावरच, दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी न जुळणारा ओळखक्रमांक द्या. पावतीवर छापायचा क्रमांक वेगळा ठेवा: केंद्र, यंत्र आणि त्या यंत्राचा चालू आकडा. सर्व्हर क्रमांक देईल म्हणून पावती अडवून ठेवलीत तर पहिल्याच दिवशी केंद्रावर रांग लागेल आणि दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक परत येईल. छापलेली नोंद बदलायची नाही, चुकली तर उलट नोंद करून रद्द करायची, जशी वहीत करतात. एकच नोंद सर्व्हरकडे दोनदा पोचली तर दुसऱ्यांदा काही होता कामा नये, नुसतं 'मिळाली' असं उत्तर गेलं पाहिजे. नेटवर्क अर्ध्यात तुटतं तेव्हा दोनदा पोचणं हे नेहमीचंच आहे.

वर्कमॅनेजर पार्श्वभूमीत पाठवतो, पण ठरावीक अंतराचं काम तो १५ मिनिटांहून जवळ घेत नाही, आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात तेही मारून टाकतात. म्हणून पहिल्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'पाठवायच्या बाकी: ७' असा आकडा आणि शेजारी 'आता पाठवा' हे बटण ठेवा. केंद्रावरच्या माणसाला सिंक (यंत्रावरच्या आणि सर्व्हरवरच्या नोंदी जुळवणं) म्हणजे काय ते समजावत बसू नका. घरी जाण्याआधी हा आकडा शून्य करायचा, एवढं सांगा. त्याला ते पक्कं कळतं.

नावांच्या शोधात एक खड्डा आहे, तो इंग्रजीत काम करणाऱ्यांना कधी लागत नाही. 'कऱ्हाडे' मधला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि ह. दुसरा, साधा 'र', हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. कचेरीतल्या संगणकाचा कीबोर्ड एक तऱ्हा देतो, यंत्रावरचा दुसरी, आणि यादीत डोळ्यांसमोर दिसणारं नाव शोधून सापडत नाही. मग माणसं त्याच शेतकऱ्याची दुसरी नोंद करतात. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्हीकडे एकच तऱ्हा करून घेणारा छोटा फंक्शन लिहा. नुक्ता असलेली इतर अक्षरं आणि चुकून राहिलेली न दिसणारी चिन्हंही त्यातच निस्तरतील.

गावांची, तालुक्यांची यादीही कोडात लिहू नका. धारबांदोडा तालुका इतरांच्या मागाहून झाला, आणि तसाही तुमच्याकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गचा शेतकरी बिया घेऊन येणारच. 'राज्य: गोवा' अशी पक्की मेख मारून ठेवली असेल तर केंद्रावरचा माणूस त्याला केरी-सत्तरीचा रहिवासी करून टाकेल. भाषेचंही तसंच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली, तेव्हापासूनचा तो वाद संस्थेच्या सभेतही कुणीतरी उकरून काढणार. सगळी वाक्यं वेगळ्या फाइलीत ठेवा, दोन्ही भाषा द्या आणि त्या चर्चेतून अंग काढून घ्या.

टूल किती वर्षं जगणार, हाही निवडीचाच भाग आहे. हातात धरायच्या यंत्रांत मी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईच्या काळापासून आहे. तेव्हा कोडासाठी डॉटनेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्क आणि डेटासाठी एसक्यूएल सर्व्हर कॉम्पॅक्ट हे डोळे मिटून घ्यायचं उत्तर होतं. त्यातल्या विंडोज मोबाइलच्या यंत्रांसाठी चालणारा शेवटचा व्हिज्युअल स्टुडिओ २००८ चा. २०१० मध्ये विंडोज फोन ७ आला तो जुनी अ‍ॅप्स चालवतच नव्हता, आणि विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. गोदामांत तोवर ती यंत्रं ठणठणीत चालत होती. पुढच्या पिढीतही तेच झालं. अ‍ॅडोबीने २०२० मध्ये वेबच्या कोडातून फोनचं अ‍ॅप बनवणारं फोनगॅप गुंडाळलं. मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ ला झॅमरिन या अ‍ॅप लिहायच्या टूलचा आधार थांबवला आणि ३१ मार्च २०२५ ला अ‍ॅप बांधून वाटायची सेवा, अ‍ॅप सेंटर, बहुतांशी बंद केली. मोंगोडीबीने सप्टेंबर २०२४ मध्ये रेल्म या फोनमधल्या डेटाबेसच्या सिंक सेवेला एका वर्षाची मुदत दिली. ज्यांचा सगळा ऑफलाइन डेटा त्या सेवेवर उभा होता त्यांनी ते वर्ष दुसरं काही केलं नाही.

यातली कुठलीच लहानसहान कंपनी नव्हती. तेव्हा 'मागे मोठी कंपनी आहे' याला फारसा अर्थ नाही. बघायचं ते हे, की त्या टूलवाचून त्या कंपनीचं अडतं का? अँड्रॉइडवाचून गूगलचं अडतं, आणि २०१९ पासून अँड्रॉइडची पहिली भाषा कोटलिन आहे. फ्लटर उत्तम आहे, त्यावर मी कामं केली आहेत, पण एप्रिल २०२४ मध्ये गूगलने त्याच चमूतली माणसं कमी केली तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला होताच. एसक्यूलाइट २००० सालापासून आहे आणि त्याच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा लिहून ठेवलाय. सिंकसाठी कुणाची तयार सेवा घेण्यापेक्षा एसक्यूलाइटमध्ये 'न पाठवलेल्या' नोंदींचा एक तक्ता आणि सर्व्हरवर एक साधा पत्ता, एवढं स्वतः लिहिलेलं मला बरं वाटतं. शंभर-दोनशे ओळींचं काम आहे आणि ते कुणी बंद करू शकत नाही.

यंत्राबद्दल जास्त लांबण लावत नाही. डझनभर एकदम घेऊ नका, एक घ्या. काच ओली करून बघा. पावसाचे थेंब पडले की साधी टचस्क्रीन स्वतःच बटणं दाबायला लागते, आणि तुमच्या हंगामाचं शेवटचं टोक मृगाला जाऊन भिडतं. वजन घेणं, छापणं, स्कॅन या तीन गोष्टी यंत्राच्या बाजूच्या खऱ्या बटणावर आल्या तर उत्तम. बोंडूच्या रसाने चिकट झालेल्या बोटांनी काचेवर काम होत नाही. बॅटरी काढता येणारी हवी. साधा फोन आणि सुटा प्रिंटर हे स्वस्त पडतं, पण त्या फोनचं तेच मॉडेल पुढच्या वर्षी दुकानात नसतं. धंद्यासाठीची यंत्रं महाग असली तरी वर्षानुवर्षं मिळत राहतात. संस्थेला दोन्ही आकडे दाखवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. यंत्र कुठलंही घेतलं तरी अ‍ॅप लॉक टास्क मोडमध्ये (यंत्रावर तेवढं एकच अ‍ॅप चालू देणारी सोय) ठेवा, नाहीतर दुपारच्या सामसुमीत त्यावर क्रिकेट सुरू होतं.

शेतकऱ्यांच्या अ‍ॅपचं सांगायचं राहिलं. आपण किती बिया घातल्या आणि पैसे कधी जमा होणार, एवढंच त्यांना बघायचंय. त्यासाठी वर्षातून तीन महिने लागणारं अ‍ॅप कुणी फोनवर ठेवत नाही. एसएमएस पाठवा, त्यात दुवा द्या, दुव्यावर साधं वेब पान उघडू दे. एसएमएसची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. थर्मल पावती गाडीत उन्हात राहिली की अक्षरं उडतात किंवा कागदच काळवंडतो. फक्त एक ध्यानात ठेवा, धंद्याचे एसएमएस पाठवायला संस्थेची आणि मजकुराच्या नमुन्याची डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदणी लागते. ती संस्थेच्याच कागदपत्रांवर होते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आजच करायला सांगा. शेतकऱ्यांची पहिली यादी गोळा करायलाही अ‍ॅप लिहीत बसू नका. ओडीके किंवा कोबो टूलबॉक्सवर फॉर्म बनवा, दोन्ही ऑफलाइन चालतात.

कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दलही विचारलं होतं. वापरा, मीही वापरतो, विशेषतः ग्रेडलशी भांडताना. पण ब्लूटूथ आणि प्रिंटर या विषयांत ते अनेकदा अँड्रॉइड १२ च्या आधीचा कोड देतात. तो जुन्या फोनवर सुरळीत चालतो, नव्या यंत्रावर परवानगीपाशी कोसळतो, आणि तुम्ही प्रिंटर बदलत बसता.

प्ले स्टोअरचं खातं संस्थेच्या नावावर काढा, तुमच्या नव्हे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप बाहेर काढण्याआधी १२ चाचणी करणारे सलग १४ दिवस दाखवावे लागतात. संस्थेच्या खात्याला ती अट नाही, पण डन्स क्रमांक (संस्था-कंपन्यांना मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लागतो. स्टोअरबाहेर एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, वाटणार असाल तर सहीची डिजिटल किल्ली हरवली की त्या अ‍ॅपला पुन्हा अपडेट देता येत नाही. सगळी यंत्रं गोळा करून, जुनं काढून, नवं टाकावं लागतं, आणि न पाठवलेल्या नोंदी त्यात गेल्या की गेल्या. किल्ली आणि तिचा पासवर्ड लखोट्यात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवा, पोच घ्या.

दरपत्रक देण्याआधी तीन गोष्टी खऱ्या यंत्रावर करून बघा, बाकी अ‍ॅप नसलं तरी चालेल: मराठी पावती छापणं, काट्यावरून स्थिर वजन घेणं, आणि विमान मोडमध्ये पन्नास नोंदी करून, यंत्र बंद-चालू करून, मग त्या सर्व्हरवर नेमक्या एकेकदाच पोचवणं. यातलं एखादं कोटलिनमध्ये अडलं आणि दुसऱ्या कशात सुटलं, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ते दुसरं घ्या.

आणि दरपत्रकात जानेवारीचं काम वेगळी ओळ म्हणून घाला. बिया संपल्या की यंत्रं जूनमध्ये कपाटात जातात. ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली हवी, पूर्ण उतरलेली ठेवली तर ती उठत नाही. पुन्हा बाहेर काढाल तोवर लॉगिनची मुदत संपलेली असते, कधी सर्व्हरचं प्रमाणपत्रही, आणि अ‍ॅपने किमान कुठली अँड्रॉइड आवृत्ती लक्ष्य धरावी ही गूगलने दरवर्षी ऑगस्टअखेर सरकवलेली अट पुढे गेलेली असते. २०२५ मध्ये ती अँड्रॉइड १५ वर आली, त्याखालचं लक्ष्य ठेवलेल्या अ‍ॅपचं अपडेट स्टोअर घेत नाही. नवा बिल्ड, प्रत्येक यंत्रावर एक चाचणी पावती, काट्याची केबल बदलणं, नवे दर भरणं, असं आठवडाभराचं काम होतं. पहिल्या वर्षीच्या रकमेत ते गृहीत धरलंत तर दुसऱ्या वर्षी तुम्ही ते फुकट करत असाल.